१८५१ मध्ये सापडतो, १८४१ मध्ये नाही: इंग्लंडच्या खेड्यातला पूर्वज हरवतो तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. नवऱ्याच्या, सुनेच्या नाहीतर जावयाच्या इंग्रज घराण्याची वंशावळ कुणीतरी हौसेने काढायला घेतं. १९११, १९०१, १८९१, १८८१ अशा जनगणनांच्या पायऱ्या भराभर उतरत १८५१ पर्यंत पोचतं आणि तिथे गाडी रुतते. विल्यम, शेतमजूर, बायको, चार मुलं, सगळं समोर दिसतंय. पण १८४१ च्या जनगणनेत हा बाबा नाहीच. बाप्तिस्म्याची नोंद शोधावी तर एकही मिळत नाही, नाहीतर एकदम तीन मिळतात. मग माणूस वैतागून तिघांतला एक उचलतो आणि पुढे जातो. खरा घोळ तिथे सुरू होतो.

मीही तेच केलं होतं. माझ्या जावयाचं आजोळ सफक काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ब्रँडनचं. त्याच्या आईकडच्या पणजोबांचे आजोबा म्हणजे आमचा विल्यम. (घरच्या माणसांची नावं बदलली आहेत, गावं खरी आहेत.) या विल्यमपायी मी दोन वर्षं घालवली, त्यातली दीड भलत्याच माणसाच्या मागे. तेव्हा खाली लिहिलंय ते आधी स्वतः तोंडावर आपटून मग शिकलेलं आहे.

आपल्याकडे नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय चोपडी उघडतात आणि पणजोबांच्या हातची सही दाखवतात. काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांतही असतात. त्यामुळे आपला समज असा होतो, की घराण्याची नोंद कुठेतरी अखंड असते, फक्त योग्य चोपडी सापडायला हवी. इंग्लंडमधल्या शेतमजुराच्या बाबतीत अशी चोपडी नाही. त्याची जमीन नाही, बहुधा मृत्युपत्र नाही, थडग्यावर दगड नाही. आहेत ते तुकडे, आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला. पाद्रीबुवांनी बाप्तिस्मा दिला म्हणून एक ओळ, सरकारने डोकी मोजली म्हणून एक ओळ. विल्यमला लिहिता येत नव्हतं. त्याने नाव सांगितलं, ऐकणाऱ्याला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, आणि पुढे दीडशे वर्षांनी कुणीतरी ते वाचून संगणकात भरलं. शोध लागत नाही तेव्हा बहुतेक वेळा माणूस तिथेच असतो, या तीन टप्प्यांपैकी कुठेतरी नाव सांडलेलं असतं.

म्हणून पहिला उपाय: आडनाव काढून टाका. खरंच, वंशावळीच्या संकेतस्थळावर शोधताना आडनावाची चौकट रिकामी ठेवा. नाव विल्यम, जन्मगाव ब्रँडन, जन्मवर्ष पाच वर्षं मागेपुढे, एवढंच टाकून शोधा. खेडं लहान असेल तर पन्नास-साठ नावं येतील, ती डोळ्यांखालून घालायला एक संध्याकाळ पुरते. आडनाव ठेवायचंच असेल तर मधली अक्षरं गाळून तारांकन (*) टाका. जुन्या हस्ताक्षरात कॅपिटल एल आणि एस जुळ्या भावंडांसारखे दिसतात, टी आणि एफही. दोन एस लागोपाठ आले की त्यातला पहिला लांब काढायची पद्धत होती, तो हमखास एफ म्हणून वाचला जातो. पहिल्या नावांचेही घोटाळे आहेत. ‘जेएनओ’ म्हणजे जॉन, ‘जेएएस’ म्हणजे जेम्स. पॉली ही मेरी असते, सॅली ही सारा, नॅन्सी ही बहुधा अ‍ॅन आणि पॅटी ही मार्था. बंड्याचं पाळण्यातलं नाव आपल्याला जसं वेगळं विचारावं लागतं, तसंच हे.

१८४१ ची जनगणना वेगळ्या जातीची आहे

बरेच जण १८५१ चे निकष घेऊन १८४१ मध्ये उतरतात आणि रिकाम्या हाताने परततात. ६ जून १८४१ च्या त्या गणनेत पंधरा वर्षांपुढच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहा अशी सूचना प्रगणकांना होती. चोवीस वर्षांचा माणूस वीसचा होतो, एकोणचाळीसचा पस्तीसचा. सगळ्यांनी ती पाळली नाही, पण बहुतेकांनी पाळली. आता बघा काय होतं. आमचा विल्यम सप्टेंबर १८१६ चा. जून १८४१ मध्ये तो चोवीसचा, म्हणून लिहिलं वीस. संकेतस्थळाने १८४१ मधून वीस वजा केले आणि जन्म ‘अंदाजे १८२१’ दाखवला. मी १८१६ च्या आगेमागे दोन वर्षं शोधत बसले होते. कसा सापडेल?

शिवाय १८४१ मध्ये नातं लिहिलेलं नाही. जन्मगावही नाही, याच काउंटीत जन्म झाला का याचं नुसतं हो किंवा नाही आहे. एका घरातली माणसं कुठे संपतात हे ओळखायला नावांच्या बाजूला तिरक्या रेघा बघायच्या. एक रेघ म्हणजे त्याच घरातलं एक कुटुंब संपलं, दोन रेघा म्हणजे घरच संपलं. मूळ पानाचं चित्र न बघता नुसत्या टंकलेल्या यादीवर विसंबलं तर या रेघा दिसत नाहीत आणि शेजाऱ्याची मुलं आपल्या घरात येऊन बसतात.

३० मार्च १८५१ पासून पुढे नातं, वैवाहिक स्थिती आणि जन्माचं गाव मिळतं, म्हणून ती खरी सोन्याची खाण. पण तीही मूळ नव्हे. घरोघरी वाटलेले तक्ते प्रगणकाने गोळा करून आपल्या वहीत उतरवले, आणि आज आपण बघतो ती ही वही. कुटुंबप्रमुखाच्या स्वतःच्या हातचा तक्ता थेट १९११ पासूनच बघायला मिळतो. तेव्हा १८५१ मध्ये तेहतीस, १८६१ मध्ये पंचेचाळीस असं वय दिसलं तर दोन माणसं आहेत असं लगेच धरू नका. वय हे त्या काळच्या मजुराला अदमासानेच माहीत असायचं.

नदी ओलांडली की काउंटी बदलते

१८५१ मध्ये विल्यमचं जन्मगाव ब्रँडन लिहिलंय. १८६१ मध्ये वीटिंग, १८७१ मध्ये पुन्हा वीटिंग. नकाशा उघडला तर ब्रँडनच्या उत्तरेला लिटल ऊझ नदी वाहते आणि पलीकडे वीटिंग. चालत जायचं अंतर. पण ब्रँडन सफकमध्ये आणि वीटिंग नॉरफकमध्ये. म्हणजे सफकच्या बाप्तिस्मा यादीत विल्यमला जन्मभर शोधलं असतं तरी तो मिळाला नसता. गंमत अशी की जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदणीसाठी दोन्ही गावं थेटफर्ड या एकाच जिल्ह्यात येत, आणि थेटफर्ड नॉरफकमध्ये आहे. म्हणजे ब्रँडनमध्ये जन्मलेल्या विल्यमच्या मुलांचा शोध घेताना ‘सफक’ ही गाळणी लावली तर ती यादीतून गळूही शकतात. मला आधी वाटलं मुलांची नोंदच केली नसेल. तसंही होत असे म्हणा, कारण सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली तरी जन्म कळवण्याची सक्त जबाबदारी आईबापांवर आली ती १८७४ च्या कायद्याने, १८७५ पासून. त्याआधी अनेकांना बाप्तिस्मा झाला म्हणजे नोंद झालीच असं वाटायचं.

माणूस आपलं जन्मगाव सांगतो ते कुठे बसून सांगतो हेही बघा. लंडनला गेलेला मुलगा जवळच्या मोठ्या गावाचं नाव सांगेल, शेजारच्या गावात राहणारा अगदी वाडीचं. आपणही मुंबईत ‘सातारचा’ म्हणतो आणि साताऱ्यात तालुक्याचं नाव सांगतो. कुणाकुणाला तर जन्म कुठे झाला हेच माहीत नसतं, जिथे वाढलो ते गाव सांगून मोकळे.

उपाय सरळ आहे. गावाभोवती सात-आठ मैलांचं वर्तुळ काढा, त्यात येणारी सगळी पॅरिश (एकेका चर्चच्या हद्दीतली गावं) लिहून काढा, कुठली कोणत्या काउंटीत हे बाजूला लिहा आणि एकेक करून तपासा. कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या अडचणी इथेच सुटतात.

तीन विल्यम, आणि दीड वर्षाची माती

आता माझी चूक. १८४३ मध्ये ब्रँडनच्या चर्चमध्ये विल्यमचं लग्न झालं. १८३७ नंतरच्या लग्ननोंदीत नवरा-नवरीच्या बापांची नावं आणि धंदे असतात (आयांची नावं यायला मात्र मे २०२१ उजाडावं लागलं). वयाच्या रकान्यात ‘फुल एज’, म्हणजे एकवीस पूर्ण, त्याहून जास्त काही नाही. बापाचं नाव जॉन, धंदा मजुरी. सहीच्या जागी दोघांचीही फुली. साक्षीदार दोन, त्यातला एक थॉमस, आडनाव कुठलं तरी भलतंच.

ब्रँडनच्या नोंदवहीत त्याच आडनावाचे दोन विल्यम मिळाले. एक १८१६ चा, बाप जेम्स. एक १८१७ चा, बाप जॉन. मी आनंदाने जॉनवाला उचलला आणि त्याच्या बापामागून बाप लावत १७५४ पर्यंत गेले. तक्ता छापून जावयाला वाढदिवसाला दिला. चौकटसुद्धा करून आणली.

१८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील वह्यांमध्ये बापाच्या धंद्याचा रकाना असतो. माझ्या समोर तो होता. त्यात या जॉनपुढे चकमकीच्या गारा घडवणारा असं लिहिलं होतं. ब्रँडन हे त्या धंद्याचं गाव. नेपोलियनशी लढणाऱ्या इंग्रज फौजेच्या बंदुकांना ठिणगी पाडायला लागणाऱ्या गारा इथे फोडून घडवल्या जात. तो कसबी कामगार, शेतमजूर नव्हे. लग्ननोंदीतला जॉन मात्र मजूर. मी मनाशी म्हटलं, धंदा बसला असेल, मजुरीला लागला असेल. आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की मन अशा सबबी फार लवकर पुरवतं.

मग एके दिवशी दुसऱ्याच कुणाचा तरी मृत्यू शोधताना दफनाच्या वहीत १८१९ ची ओळ दिसली. विल्यम, ब्रँडन, वय २. गारवाल्या जॉनचा मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला होता. मी ज्याच्या अंगावर सात पिढ्या चढवल्या, तो लग्नाच्या वेळी मातीखाली जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

तेव्हापासून माझा नियम: एका नावाचे जितके उमेदवार असतील तितक्या सगळ्यांचं आयुष्य शेवटपर्यंत काढायचं. प्रत्येकाला मारायचं. ऐकायला वाईट वाटतं, पण जो मेलेला सापडत नाही तोच आपला असू शकतो. जेम्सच्या मुलाचं आयुष्य असंच काढलं. तो १८५१ मध्ये ब्रँडनमध्येच, वेगळ्या बायकोसह, स्वतः गारा घडवणारा. म्हणजे तोही बाद. मूल दगावलं की तेच नाव पुढच्या मुलाला ठेवायची पद्धत होती, म्हणून एका घरात दोन विल्यम दिसले तर आधी दफनवही बघा. एकाच दिवशी तीन भावंडांचा बाप्तिस्मा झालेलाही दिसेल. तेव्हा ती तिळी नसतात, आईबापांना सवड त्या दिवशी मिळालेली असते.

आणखी एक. संकेतस्थळं दुसऱ्यांनी केलेल्या वंशावळींतून सूचना पाठवत असतात. त्या उघडा, पण तिथून उचलू नका. मेलेल्या मुलाचे वंशज मी आता तीन जणांच्या झाडावर पाहिले आहेत, आणि त्यातलं एक माझ्याच जुन्या झाडावरून उतरवलेलं आहे. कळवलं आहे, उत्तर नाही.

अविवाहित ‘जावई’

दोन्ही विल्यम बाद झाल्यावर हातात काहीच उरलं नाही. मग मी नाव सोडलं आणि गल्ली धरली. १८५१ च्या वहीत विल्यमच्या पानाच्या आधीची पाच आणि नंतरची पाच पानं घेऊन प्रत्येक घर वाचत गेले. मुख्य सल्ला द्यायचा तर हाच आहे. खेड्यात नातेवाईक लांब राहत नाहीत.

तीन घरं सोडून एक म्हातारा जॉन, वय ६८, शेतमजूर, विल्यमच्याच आडनावाचा. बायको सारा, वय ६०, जन्म वीटिंग. आणि त्यांच्याकडे राहणारा थॉमस, वय ३१, जन्म वीटिंग, आडनाव ते भलतं, लग्ननोंदीतल्या साक्षीदाराचं. तोवर मी त्या साक्षीदाराला चर्चचा कारकून समजत होते, कारण कारकून मंडळी येता जाता साक्षीला उभी राहत. नात्याच्या रकान्यात थॉमसपुढे लिहिलं होतं ‘सन-इन-लॉ’. आणि वैवाहिक स्थितीत अविवाहित.

लग्न न झालेला जावई? दहा मिनिटं मी त्या ओळीकडे बघत बसले. मग आठवलं की त्या काळी हा शब्द सावत्र मुलालाही वापरत. थॉमस हा साराचा आधीचा मुलगा होता.

बाकीचं एका दुपारी उलगडलं. वीटिंगच्या बाप्तिस्मा वहीत ऑक्टोबर १८१६ मध्ये विल्यम, आईचं नाव सारा, आडनाव थॉमसचं तेच, बापाची जागा मोकळी, धंद्याच्या रकान्यात ‘सिंगल वूमन’. १८१९ मध्ये थॉमस, तसाच. १८२२ मध्ये सारा आणि मजूर जॉन यांचं लग्न. थोरल्या विल्यमने मोठेपणी सावत्र बापाचं आडनाव घेतलं आणि लग्नाच्या वहीत त्यालाच बाप म्हणून सांगितलं. धाकट्याने आईचंच ठेवलं. का, ते कागद सांगत नाहीत. मग १८४१ मध्ये साराच्या आडनावाने शोधलं तर वीटिंगमधल्या एका शेतकऱ्याच्या घरी गडी म्हणून विल्यम, वय २०, लगेच समोर आला. तो कुठे गेलाच नव्हता.

त्यामुळे अडलेल्या प्रत्येकाला मी विचारते: लग्नाचे साक्षीदार कोण होते, ते शोधलेत का? मुलांपैकी कुणाचं मधलं नाव आडनावासारखं आहे का? लग्नाआधी जन्मलेल्या मुलाला खऱ्या बापाचं आडनाव मधलं नाव म्हणून चिकटवायची चाल होती. आजीच्या घरी वाढणारा ‘मुलगा’ खरंच मुलगा आहे की पोरीचा पोर, हे आजीच्या वयावरून मोजलंत का? पन्नाशीनंतर झालेलं मूल दिसलं तर संशय घ्या.

१८३७ नंतरच्या जन्मांसाठी एक सोपी किल्ली आहे. जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कचेरीच्या ऑनलाइन सूचीत अगदी सुरुवातीपासूनच्या जन्मांना आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे. जुन्या छापील सूचींमध्ये ते १९११ च्या उत्तरार्धापासूनच होतं. एका आईची सगळी मुलं एकत्र काढता येतात, जनगणनांच्या मधल्या काळात जन्मून गेलेलीसुद्धा. आडनावाची जागा मोकळी दिसली तर ते मूल बहुधा लग्नाबाहेरचं. मृत्यूच्या दाखल्याकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून मृताच्या आईबापांची नावं दाखल्यावर मिळतात, इंग्लंडमध्ये प्रौढाच्या दाखल्यावर ती नाहीत. खबर देणारा कोण, एवढं बघा. ती बहुतेक वेळा मुलगी किंवा सून असते.

तरीही नसेल तर

गावच्या सरकारमान्य चर्चमध्ये नोंदच नसेल तर घर मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट असू शकतं. त्या पंथांच्या १८३७ पूर्वीच्या बऱ्याच वह्या सरकारजमा होऊन आता लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मूळ नोंदवही हरवली असेल तर दर वर्षी बिशपकडे पाठवलेली तिची नक्कल शोधा.

माणूस तुरुंगात किंवा वेड्यांच्या इस्पितळात असेल तर जनगणनेत कधी कधी नुसती आद्याक्षरं असतात. म्हातारपणी वर्कहाऊस, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायची जागा, तर अनेकांना चुकलं नव्हतं म्हणा. टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना १८३४ मध्ये संघटना बांधताना गुप्त शपथ दिल्याबद्दल ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडलं. त्यातला एकटा जेम्स हॅमेट परतून गावातच राहिला, आणि १८९१ मध्ये मेला तो डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये. ज्याचं नाव देशभर झालं त्याची ही गत, मग आपल्या विल्यमला घरच्या पत्त्यावरच शोधत बसू नये.

तरुण मुलगा दोन-दोन जनगणनांत नसेल तर पलटणीचा विचार करा. परदेशातल्या फौजेतल्या सैनिकांची नावानिशी गणना १९११ मध्ये पहिल्यांदा झाली, त्याआधी हिंदुस्थानात असलेला शिपाई इंग्लंडच्या जनगणनेत दिसणार नाही. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत. पुणे, खडकी, मुंबईच्या नोंदी तिथे मिळतात. खडकीच्या जुन्या दफनभूमीत उभं राहून ज्यांना ‘हे कोण असतील’ असं वाटलं असेल, त्यांनी हीच दोरी उलट बाजूने धरावी.

आमच्यापुरतं म्हणाल तर विल्यमचा जन्मदाता कोण हे अजून कळलेलं नाही. १८३४ पूर्वी अशा मुलाच्या पोषणाचा बोजा गावावर पडू नये म्हणून गावचे ओव्हरसियर (गरिबांच्या मदतीचा कारभार बघणारे) बापाला हुडकून पैसे भरायला लावत, त्याचे करारनामे पॅरिशच्या पेटीत राहत. वीटिंगच्या कागदांत साराचा करारनामा मला मिळाला नाही. असे आदेश दंडाधिकारीही काढत आणि त्यावरची अपिलं क्वार्टर सेशन्स या तिमाही भरणाऱ्या कोर्टात जात. पुढच्या खेपेला नॉरिचला जाऊन १८१६ ते १८२० ची ती पानं काढायची आहेत. चौकटीतला तक्ता जावयाने अजून भिंतीवरून काढलेला नाही. त्याच्या मते चौकट चांगली आहे.